खेड्यात व्हिडिओचा वर्ग चालवताना: पहिल्या गिऱ्हाइकापासून पहिल्या बिलापर्यंत

गावातल्या गरजू पोरापोरींसाठी व्हिडिओचं प्रशिक्षण भरवणाऱ्या संस्था, शाळा आणि ग्रामपंचायती बहुतेक एकाच जागी घसरतात. वर्ग ॲपपासून सुरू होतो. पहिल्या दिवशी एडिटिंग, तिसऱ्या दिवशी रील, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि पाहुण्यांसोबत फोटो. पुढे तालुक्याचा एखादा स्टुडिओवाला विचारतो, "दोन मिनिटांची मुलाखत, आवाज स्वच्छ पाहिजे, उद्या संध्याकाळपर्यंत देशील का?" आणि पोरगं गप्प होतं. आवाज धरणं, फाइली सांभाळणं, गिऱ्हाइकाशी बोलणं आणि सांगितल्या वेळी माल हातात देणं हे कोणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून खालचा क्रम थोडा उलटा वाटेल. आधी काम, मग माणसं, मग सामान, मग आवाज, मग चित्र आणि त्यानंतर एडिटिंग. हिशेब १२ जणांच्या एका तुकडीचा आहे: आठवड्यातून ३ दिवस, रोज ३ तास, ८ आठवडे, म्हणजे ७२ तास.

टप्पा १: वर्गाच्या आधी काम शोधा

प्रवेशाचा कागद छापण्याआधी दोन आठवडे तालुक्यात फिरा. पैसे देऊन व्हिडिओ करून घेणारे लोक खेड्यातही असतात, फक्त ते "व्हिडिओग्राफर पाहिजे" अशी पाटी लावत नाहीत. लग्नसराईत स्टुडिओवाल्यांना दुसरा कॅमेरा धरणारा आणि एडिटिंगचा ढीग उपसणारा माणूस हवा असतो. कृषी सेवा केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनी, बचत गटांचे प्रभागसंघ, खाजगी शिकवण्या, जानेवारीत स्नेहसंमेलन घेणाऱ्या शाळा, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) समित्या ही झाली बाकीची यादी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे असाल तर दिवाळीनंतरच्या मंडया (गावोगावच्या जत्रा) आणि वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी नाटक कंपन्या धरा. त्यांना हंगामात जाहिरातीचे छोटे व्हिडिओ लागतात, तेही घाईत.

प्रत्येकाला चारच गोष्टी विचारा आणि वहीत लिहा. मागच्या वर्षी व्हिडिओ कोणाकडून करून घेतला? किती दिले? त्रास कशाचा झाला? वर्गाच्या सहाव्या आठवड्यापासून आमच्या मुलांना एक छोटं काम द्याल का? "भाऊ, पोरगा गरीब आहे, सांभाळून घ्या" असं म्हणू नका. दयेवर एक काम मिळतं, दुसरं मिळत नाही.

तपासा: वहीत किमान ६ पक्के "हो" आहेत का? नसतील तर त्या तालुक्यात हा वर्ग घेऊ नका, दुसरं काही शिकवा. हे कडू आहे, पण आठ आठवडे वर्गात बसवून पोरांना रिकाम्या हाती घरी धाडण्यापेक्षा बरं.

टप्पा २: हंगाम पाहून तारखा ठरवा

शहरातून आलेलं वेळापत्रक इथेच फसतं. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात जूनमध्ये पेरणी, मग डवरणी-निंदण, ऑक्टोबरात सोयाबीन, दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू. या काळात वर्ग लावला तर हजेरी पहिल्या आठवड्यानंतर निम्मी होते आणि दोष पोरांवर येतो. यवतमाळ, वर्धा, वाशीम, अकोल्याकडे जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंतचा काळ बरा, आणि वर्ग संपतो तेव्हा लग्नसराई तोंडावर असते. धानपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि त्यापाठोपाठ तेंदूपत्ता असतो, त्याआधी वर्ग संपवा. मेळघाटातून अनेक कुटुंबं कामासाठी बाहेर जातात आणि होळीला परततात, तिथे तारखा गावात बसूनच ठरवा. वरुड-मोर्शीकडे संत्र्याची तोड विचारून घ्या.

वेळ सकाळी ७ ते १० ठेवा. मजुरी बुडत नाही, प्रकाश चांगला मिळतो, पंखा लावावा लागत नाही (पंखा बंद ठेवणं का महत्त्वाचं, ते टप्पा ६ मध्ये). बाजाराचा दिवस सोडा. एसटीची पहिली फेरी गावात किती वाजता येते ते आगाराच्या वेळापत्रकावरून नव्हे, गावातल्या माणसाला विचारून लिहा.

टप्पा ३: निवड

महागडा फोन असलेली पोरं आपोआप पुढे येतात. त्यांना वर्गाची गरज सगळ्यात कमी असते. १८ ते ३० वयाचे, मराठी लिहिता-वाचता येणारे, घरी स्वतःचा चांगला फोन नसलेले असे उमेदवार आधी बोलवा. दहावी नापास चालतील.

चाचणी साधी ठेवा. संस्थेचा फोन अर्धा तास हातात द्या आणि सांगा: पंक्चरवाला, शिंपी, चक्कीवाला, कोणीही एक माणूस त्याचं काम कसं करतो ते एका मिनिटात त्याच्याच तोंडून रेकॉर्ड करून आणा. चित्र हललं की नाही ते बघूच नका. अनोळखी माणसाशी बोलायचं धाडस केलं का? अर्ध्या तासात परत आला का? त्या माणसाला आधी विचारलं का? तिन्हीला हो असेल तर घ्या.

निम्म्या जागा मुलींना द्या आणि प्रवेशाआधी त्यांच्या घरी जाऊन आई-वडिलांना भेटा. घरच्यांचा पहिला प्रश्न रात्रीच्या लग्नाच्या कामाचा असतो. खरं उत्तर द्या: बचत गट, शाळा, शेतीच्या कंपन्या यांचं काम दिवसा असतं आणि एडिटिंग गावात बसून होतं. पण "मुलींना फक्त एडिटिंग" असा नियम तुम्ही करू नका. कॅमेरा सगळ्यांच्या हातात गेला पाहिजे, पुढचं ज्याचं त्याने ठरवावं.

टप्पा ४: सामान

१२ जणांचे ४ गट, गटात तिघे: एक कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक प्रश्न आणि वहीवर. दर वर्गाला जागा बदलायच्या. बदल वहीत लिहून ठेवा, नाहीतर चुणचुणीत पोरगा आठही आठवडे कॅमेरा सोडत नाही.

प्रत्येक गटाला एक अँड्रॉइड फोन (६ जीबी रॅम, १२८ जीबी जागा), मोबाइल होल्डरसकट ट्रायपॉड, लांब वायरचा कॉलर माईक, कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन आणि पॉवर बँक. सगळ्यांत मिळून एसएसडी असलेला १६ जीबी रॅमचा एक लॅपटॉप, १ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, एक्स्टेंशन बोर्ड आणि थर्माकोलची दोन पांढरी शीटं. थर्माकोल प्रकाश परतवायला लागतं.

गिंबल (हलणारा फोन स्थिर धरणारी दांडी), रिंग लाइट, ड्रोन विकत घेऊ नका. ड्रोनची मागणी पोरांकडून येईलच. २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनने धंद्याचं काम करायचं तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि एक आपटलं की वर्गाचं अर्धं बजेट जातं.

इशारा: माईक घेताना पिन बघा. फोनसाठीच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्यासाठीच्या पिनवर दोन. दोन रेघांचा माईक फोनला थेट लावला तर फोन तो ओळखत नाही आणि स्वतःच्याच माईकवर रेकॉर्ड करत राहतो. कोणाच्या लक्षातही येत नाही. बऱ्याच नव्या फोनला गोल पिनची जागाच नसते. त्यासाठी कनव्हर्टर घ्याल तो माईक चालवणारा आहे का ते दुकानातच रेकॉर्ड करून ऐका, कारण काही कनव्हर्टर फक्त ऐकण्यापुरते असतात.

टप्पा ५: फोनची मांडणी

ही यादी पुठ्ठ्यावर लिहून प्रत्येक ट्रायपॉडला बांधा.

१. लेन्स मऊ कापडाने पुसा. खिशातल्या फोनवर घाम, तेल आणि धूळ असतेच, आणि चित्र धुरकट येतं.
२. फ्लाइट मोड. फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं.
३. रिझोल्यूशन १०८०पी. फोर-के नको, जागा आणि लॅपटॉप दोन्ही पुरत नाहीत.
४. सेकंदाला २५ फ्रेम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी बल्बखाली ३० फ्रेमवर चित्रात पट्टे लहरतात. २५ चा पर्याय नसेल तर शटरचा वेग सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० वर बांधा. फोनच्या कॅमेऱ्यात शटर हाताने बदलता येत नसेल तर ओपन कॅमेरा हे मोफत ॲप बघा, बऱ्याच फोनवर त्यात ते जमतं.
५. चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि उजेड लॉक करा. पांढरी टोपी, पांढरा सदरा, मागे ऊन असलं की फोन सगळंच काळं करतो आणि चेहरा हरवतो.
६. जागा मोजा. १०८०पीचं एक मिनिट साधारण १०० ते १५० एमबी घेतं, म्हणजे तासाला ६ ते ९ जीबी.

टप्पा ६: पहिले दोन आठवडे फक्त आवाज

सगळ्यात जास्त विरोध इथे होतो. पोरांना कॅमेरा हवा असतो, पाहुण्यांना रील बघायची असते. तरीही पहिले सहा वर्ग चित्राशिवाय घ्या. थोडं हललेलं चित्र गिऱ्हाईक चालवून घेतं, न ऐकू येणारा माणूस चालवून घेत नाही. आणि बिघडलेला आवाज नंतर कुठल्याही ॲपने पूर्ण दुरुस्त होत नाही.

पहिला सराव: हेडफोन लावून एक मिनिट बसा आणि माईकला काय काय ऐकू येतं ते लिहा. चक्की, मोटारपंप, थ्रेशर, मंदिरावरचा भोंगा, पंखा, कोंबडा. कानाला सवय झालेली असते म्हणून हे आवाज ऐकू येत नाहीत, माईकला मात्र सगळे सारखेच.

दुसरा सराव माईक लावण्याचा. माईक तोंडापासून वीतभर खाली. साडीच्या पदराला लावला तर पदर सरकला की खरखर येते, आणि मंगळसूत्र किंवा पोत त्यावर घासते. माईक कुठे लावायचा ते त्या बाईंना दाखवा आणि त्यांच्याच हाताने लावू द्या. वायर कपड्याच्या आतून घ्यायला सांगून तिचा एक छोटा फेरा करून चिकटपट्टी लावा, म्हणजे ओढ माईकवर येत नाही. वावरात वारा असेल तर माईकवरचा फोम पुरत नाही. केसाळ कव्हर लावा किंवा माणसाला वाऱ्याकडे पाठ करून बसवा.

तिसरा सराव खोलीचा. टिनाचं छप्पर आणि रिकामा वर्ग म्हणजे घुमणारा आवाज. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या दोन भिंतींवर गोधड्या टांगा, खाली सतरंजी अंथरा, पंखा बंद करा. मुलाखत झाली की कोणीही न बोलता ३० सेकंद त्या खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये तुकडे जोडताना मधल्या फटी त्याने भरतात.

चौथा सराव प्रश्नांचा. "सोयाबीनला भाव कमी मिळाला का?" असं विचारलं की उत्तर येतं, "हो." त्या "हो"चं काही होत नाही, कारण प्रश्न तर कापला जाणार. "काकाजी, सोयाबीन विकायला नेलं तवा काय काय झालं, पहिल्यापासून सांगा" असं विचारलं की माणूस बोलतो. वऱ्हाडी असो की झाडीबोली, त्याच्या बोलीतच बोलू द्या. "जरा शुद्ध बोला" म्हटलं की चेहरा ताठ होतो आणि पुढची दहा मिनिटं वाया जातात. उत्तर संपल्यावर मनात तीनपर्यंत मोजा, मगच पुढचा प्रश्न. चांगलं वाक्य बहुतेक त्या तीन आकड्यांतच येतं.

तपासा: मुख्य रेकॉर्डिंगआधी १० सेकंदांचा नमुना घेऊन हेडफोनवर ऐकला का? माईकवर नखाने हलकेच टकटक करा. आवाज मोठा आला तर कॉलर माईक चालू आहे, लांबून आला तर फोन स्वतःचाच माईक वापरतोय.

टप्पा ७: चित्र

आता फोन ट्रायपॉडवर. कोणतंही एक काम घ्या, समजा पापड लाटणं, आणि त्याचे पाच तुकडे काढा: हात जवळून, चेहरा जवळून, दुरून सगळी जागा, खांद्यामागून, आणि बाजूने किंवा खालून एक वेगळा. प्रत्येक तुकडा १० सेकंद स्थिर. झूम नाही, फिरवणं नाही. नवशिका चौथ्या सेकंदालाच हात हलवतो, म्हणून गटातल्या आवाजवाल्याने मनात मोजायचं आणि दहा झाले की बोट वर करायचं.

प्रकाश सकाळी ९ पर्यंत आणि दुपारी साडेचारनंतर घ्या. मध्ये काम करावंच लागलं तर माणसाला ओसरीच्या सावलीत बसवा, तोंड बाहेरच्या उजेडाकडे, पाठ भिंतीकडे. दाराला पाठ करून बसवलेला माणूस काळा येतो. चेहऱ्याची एक बाजू अंधारात असेल तर त्या बाजूला थर्माकोल धरा.

आडवं की उभं, हे शूटिंगआधी गिऱ्हाइकाला विचारा. व्हॉट्सॲप स्टेटससाठी उभं, सभेतल्या पडद्यासाठी आडवं. आडवं काढून उभं कापलं की बाजूची माणसं कापली जातात.

इशारा: एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापून रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं. कव्हर काढा, सावलीत ठेवा, चार्जिंगला लावून शूट करू नका. तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा ओल्या फडक्यात ठेवू नका, आत पाणी धरतं.

टप्पा ८: फाइली

कंटाळवाणा भाग आहे, पण गिऱ्हाईक तुटतं ते इथेच. शूट संपलं की त्याच दिवशी फोनमधून दोन्ही हार्ड डिस्कवर प्रत घ्या. फोल्डरचं नाव तारीख, गाव, काम या क्रमाने. दोन्ही डिस्कवरची शेवटची फाइल उघडून चालवून बघा, मगच फोन रिकामा करा, आणि रिकामा करताना गटातले दोघे हजर पाहिजेत. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि चित्र फाटतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातो.

टप्पा ९: एडिटिंग, पाचव्या आठवड्यापासून

आधी कागद. सगळे तुकडे बघून वहीत तीन रकाने करा: फाइल क्रमांक, कितव्या सेकंदाला, काय बोलले. दोन मिनिटांच्या व्हिडिओत बोलण्याचे साधारण २५० शब्द बसतात. म्हणजे १५-२० वाक्यं. ती वहीतच निवडा. कागदावर निवड केलेला गट लॅपटॉपवर दोन तासांत पहिला कच्चा कट काढतो, न केलेला दिवसभर पट्टी पुढेमागे सरकवत बसतो. लॅपटॉप एकच आहे, त्यामुळे पाळी लावावीच लागते.

फोनवर व्हीएन किंवा काइनमास्टर चालेल, पण मोफत काइनमास्टर आपला शिक्का उमटवतं आणि गिऱ्हाइकाला तो खटकतो. शिक्का घालवायला मित्राकडून मिळालेलं फोडलेलं ॲप घेऊ नका, त्याबरोबर फोनमध्ये काय शिरलं ते कळत नाही. लॅपटॉपवर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह मोफत आहेत आणि हलके चालतात. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती उत्तम, पण तिला लॅपटॉप दणकट लागतो.

लॅपटॉपवर एक घोळ हमखास होतो: सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, दहाव्या मिनिटाला आवाज पुढे पळतो. पोरगं समजतं की आपलंच चुकलं. कारण वेगळं असतं, फोन सेकंदाला फ्रेम कमी-जास्त करत रेकॉर्ड करतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडून फाइल बदलून घ्या, मग एडिटिंगला घ्या.

मराठी अक्षरं वेगळीच तपासावी लागतात. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे मोफत युनिकोड फॉन्ट वापरा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर इथे कचरा दिसतो. ॲपमध्ये "शेतकऱ्यांसाठी", "विद्यार्थी", "कृषी", "द्वितीय" हे चार शब्द टाकून बघा. रफार किंवा वेलांटी जागा सोडत असेल तर ते ॲप मराठी मथळ्यांसाठी सोडा.

बोलण्याचा आवाज मीटरवर साधारण -६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. संगीत त्याच्या खूप खाली, माणूस बोलत असताना जवळजवळ ऐकू न येणारं. सिनेमाची गाणी नकोत, यूट्यूबवर हक्काचा दावा लागतो आणि गिऱ्हाइकाच्या चॅनेलला त्रास होतो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतून घ्या.

टप्पा १०: परवानगी

कॅमेरा चालू केल्यावर पहिलं वाक्य हेच: नाव, गाव, आणि "हा व्हिडिओ कुठे दाखवणार ते मला सांगितलं, माझी हरकत नाही." लिहिता न येणाऱ्या माणसासाठी हे कागदावरच्या अंगठ्यापेक्षा बरं, कारण त्याला काय समजलं ते त्यातून दिसतं. लहान मुलं असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्या, शाळेत मुख्याध्यापकांचीही. चौकटीत आधार कार्ड, पासबुक, सातबारा दिसत नाही ना ते बघा.

ज्या घरात शेतकरी आत्महत्या झाली आहे तिथे शिकाऊ गट पाठवू नका. विदर्भातल्या अशा घरांनी खूप कॅमेरे पाहिले आहेत, सरावासाठी ती जागा नव्हे.

टप्पा ११: खरं काम आणि पैसे, आठवडे ६ ते ८

टप्पा १ च्या वहीतली ६ नावं आता काढा. प्रत्येक गटाला एक काम, उरलेली दोन राखीव. फुकट करू नका, कमी घ्या पण घ्या. दर असा काढायला शिकवा: शूट अर्धा दिवस, एडिटिंग एक दिवस. तिघांच्या शूटची मजुरी, एडिटिंगवाल्याची मजुरी, प्रवास, इंटरनेट आणि सामानाची झीज. समजा दिवसाला ५०० धरले, तर शूटचे तिघांचे ७५०, एडिटिंगचे ५००, प्रवास १५०, इंटरनेट आणि झीज मिळून १००: एकूण १,५०० रुपये. पोरं ५०० सांगून येतात, कारण मजुरी एकाचीच मोजलेली असते.

व्यवहार कागदावर ठेवा. निम्मे पैसे आधी. दोन दुरुस्त्या दरात, तिसरीला वेगळे पैसे. दाखवायची प्रत छोटी आणि तिच्यावर गटाचं नाव आडवं छापलेलं, पूर्ण प्रत उरलेले पैसे आल्यावर. गावातल्या ओळखीत पैसे मागायला जड जातं, म्हणून ही अट कामाआधीच सांगायची सवय लावा.

प्रत्येकाचं बँक खातं स्वतःच्या नावाचं असू द्या, मुलींचं तर नक्कीच. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीचा विचार साधारणपणे करावा लागत नाही. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, पण पैसे देणारी तीन कामं पूर्ण होईपर्यंत कर्ज काढून कॅमेरा घ्यायला कोणाला भरीस पाडू नका.

कामाचा नमुना म्हणून प्रत्येकाजवळ तीनच व्हिडिओ ठेवा: एक मुलाखत, एक काम दाखवणारा, एक कार्यक्रमाचा. त्यात त्याने स्वतः काय केलं ते एका ओळीत लिहा.

टप्पा १२: वर्ग संपल्यावर सहा महिने

वर्ग संपला की फोन आणि माईक कपाटात कुलूपबंद होतात आणि पोरांचं काम त्याच आठवड्यात थांबतं. त्याऐवजी सामान भाड्याने द्या. वहीत नाव, कामाचं ठिकाण, नेल्याची वेळ, परत आणायची वेळ आणि नाममात्र भाडं लिहा. ते भाडं वायर आणि बॅटरीच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. महिन्यातून एकदा सकाळी सगळ्यांना बोलवून फक्त तीन गोष्टी विचारा: काम किती मिळालं, पैसे किती आले, कुठे अडलं. स्टुडिओवाल्यांनाही तेच विचारा, त्यांचं उत्तर बहुतेक वेगळं असतं.

सामान परत येताना माईकची पिन वाकली आहे का, ट्रायपॉडचा होल्डर तुटला आहे का, बॅटरी किती उरली ते आणणाऱ्यासमोरच बघा. फोनमधल्या फाइली दोन्ही डिस्कवर गेल्या आहेत हे पाहिल्याशिवाय तो पुढच्या गटाला देऊ नका.